छेदातून गळालेली माणसे : मंदीनंतरच्या मिशिगनविषयी

जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बेकारीचा दर १५.२ टक्के असल्याचे जाहीर झाले. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत कुठल्याही राज्याने १५ टक्क्यांची वेस ओलांडलेली नव्हती. देशाचा दर तेव्हा साडेनऊ होता. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये, मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने निवाडा दिला की मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली. म्हणजे ज्या महिन्यात मिशिगनमध्ये दर सहा-सात कामकऱ्यांमागे एकाचा हात रिकामा होता, त्याच महिन्यात देशाची मंदी कागदोपत्री आटोपली होती.

यात समितीचे काही चुकले नाही. उत्पादनाची घसरण थांबली की मंदी संपली, असा तिचा हिशेब. विहिरीत पडलेला माणूस तळाला टेकला की आणखी खाली जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या पानांतले लेख सुरू होतात ते या तळापासून, आणि वर कोण आले, कशाला धरून आले, कोणाच्या खांद्यावर पाय देऊन आले, याची चौकशी करतात. मंदी कशी आली यावर ग्रंथालये भरतील इतके लिहून झाले आहे. मंदीनंतरच्या दहा-पंधरा वर्षांवर मात्र मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. ही उणीव भरून काढायला मिशिगनसारखे दुसरे राज्य नाही, असे माझे मत आहे. कारण तिथे जे झाले ते उघड्यावर झाले. त्याच्या जनगणनेच्या नोंदी आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत, सरकारी तपासण्यांचे अहवाल आहेत.

मिशिगनची मंदी मुळात २००७ ची नव्हतीच. २००० सालच्या वसंतात तिथे पगारी नोकऱ्यांचा उच्चांक झाला, सुमारे ४७ लाख. तिथून जी उतरण लागली ती दशक संपेपर्यंत थांबली नाही. मधल्या काळात उरलेला देश घरबांधणीच्या तेजीत न्हाऊन निघत होता आणि मिशिगनमध्ये मात्र कारखान्यांना टाळी लागत होती, म्हणून तिथले लोक याला एकाच राज्याची मंदी म्हणत. दशकाअखेर आठ लाखांहून अधिक नोकऱ्या गेलेल्या होत्या. कारणे अनेक, आणि एकात एक गुंतलेली. डेट्रॉईटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचा बाजारातला वाटा वर्षागणिक घटत होता. जपानी कंपन्यांनी दक्षिणेकडच्या राज्यांत युनियन नसलेले कारखाने उभारले होते. नफा सगळा भल्यामोठ्या गाड्यांवर, आणि २००८ मध्ये पेट्रोल भडकताच त्या गाड्यांचे गिऱ्हाईक आटले. निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चाचा बोजा होताच. सुटे भाग बनवणारी डेल्फाय तर २००५ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. वॉल स्ट्रीट कोसळल्यावर कर्जे गोठली आणि आधीच दम लागलेल्या या उद्योगाचा श्वासच अडकला. ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

केंद्र सरकारने मोटार उद्योगात सुमारे ८० अब्ज डॉलर ओतले आणि त्यातले बहुतेक परत आले. नऊ-दहा अब्ज बुडाले. ही मदत द्यायला हवी होती की नको, हा वाद अमेरिकेत अजून रंगतो. मला त्यात रस उरलेला नाही. त्या दोन कंपन्या तशाच मोडू दिल्या असत्या तर सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने त्यांच्यासोबत गेले असते, आणि फोर्डलाही ते भाग मिळेनासे झाले असते. एवढे पुरे आहे.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. २०१५ पर्यंत मिशिगनमधला बेकारीचा दर पाच टक्क्यांच्या आसपास आला. पंधरावरून पाच! राजकारण्यांनी त्याचे ढोल वाजवले, आणि त्यांच्या जागी कुणीही असते तरी वाजवले असते. पण हा दर म्हणजे एक अपूर्णांक आहे. वर अंशात बेकार, खाली छेदात काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जेवढे होतील तेवढे. ज्याने गेल्या चार आठवड्यांत नोकरीसाठी खटपट केली नाही, तो अंशातही नाही आणि छेदातही नाही. पंचावन्न वर्षांचा जोडारी पाच-पन्नास अर्ज करून थकला आणि घरी बसला, की सरकारी हिशेबात तो बेकार राहत नाही. तो टेक्ससला मुलाकडे निघून गेला तर मिशिगनच्या हिशेबातूनच जातो. त्या काळात मिशिगनचे श्रमबळ चार लाखांच्या आसपास आकसले. तेव्हा दर उतरला हे खरे, त्यात परत आलेल्या नोकऱ्यांचा वाटा मोठा होता हेही खरे. पण उतरलेल्या दरातला काही भाग गेलेल्या आणि थकलेल्या माणसांचा होता. २०१९ मध्ये, महासाथीच्या आदल्या वर्षी, बेकारी चार टक्क्यांच्या घरात असतानाही पगारी नोकऱ्यांची एकूण संख्या २००० च्या उच्चांकापेक्षा दोन लाखांहून जास्त कमी होती. दर आणि संख्या ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी होती. वर्तमानपत्रात ठळक छापले गेले ते पहिले.

जनगणनेचा दाखला तर आणखी रोखठोक आहे. २००० ते २०१० या दशकात पन्नास राज्यांपैकी फक्त एका राज्याची लोकसंख्या घटली : ९९,३८,४४४ वरून ९८,८३,६४०. डेट्रॉईट शहराने त्या दहा वर्षांत चौथा हिस्सा माणसे गमावली आणि ते ७,१३,७७७ वर आले. १९५० मध्ये त्याच शहरात साडेअठरा लाख लोक राहत होते. घरपट्टी थकलेली घरे, शहर ज्या वेन काउंटीत येते तिच्या लिलावात निघत, आणि पहिल्या फेरीत न खपलेल्या घराची बोली दुसऱ्या फेरीत ५०० डॉलरपासून सुरू होई.

गेलेल्यांत आपली माणसेही होती. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन या डेट्रॉईटच्या उपनगरांत पुण्या-मुंबईहून गेलेले मराठी इंजिनिअर बरेच. गाड्यांच्या आरेखनात, चाचण्यांत, सुट्या भागांच्या कंपन्यांत त्यांच्या नोकऱ्या. ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड होते त्यांची गत तिथल्या इतर मध्यमवर्गीयांसारखीच झाली : घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली, त्यामुळे विकताही येईना आणि दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली तरी निघवेना. एच-१बी व्हिसावरच्यांचा प्रश्न वेगळाच. नोकरी सुटली की देशात राहण्याचा हक्कच डळमळे. दुसरी नोकरी शोधायला ६० दिवसांची सवलत आज मिळते, ती नियमात आली जानेवारी २०१७ मध्ये. २००९ ला ती नव्हती. ही माणसे बेकारीभत्त्याच्या रांगेत दिसली नाहीत आणि कुठल्याही दरात आली नाहीत. मुलांच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर टाकून ती पुण्याच्या विमानात बसली.

मिशिगनचा दुसरा धागा तळेगावला येऊन पोचतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला, लेहमन ब्रदर्स कोसळली त्याच महिन्यात. दिवाळखोरीतून उठलेल्या कंपनीने पुढे जगभरातले तोट्यातले बाजार एकेक करून सोडले. २०१७ अखेर भारतातली विक्री थांबली, तळेगावात फक्त निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद झाले. हजारावर कामगार त्यानंतर न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. कारखान्याची मालमत्ता ह्युंदाईने घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला. डेट्रॉईटच्या मुख्यालयातून पाहिले तर हा ताळेबंद स्वच्छ करण्याचा भाग होता.

पगाराकडे वळू. मोटार कामगारांच्या युनियनने २००७ च्या करारातच एक कडू घोट गिळला होता. जुन्या कामगाराला तासाला २८ डॉलरच्या आसपास, आणि नव्याने लागणाऱ्याला साधारण निम्मे. मंदीत भरतीच नव्हती, त्यामुळे त्याचा चटका तेव्हा फारसा जाणवला नाही. भरती सुरू झाली तशी या दुहेरी पगाराची खरी किंमत कळू लागली. एकाच पट्ट्यावर, एकाच पाळीत, शेजारी शेजारी उभे राहून तेच बोल्ट आवळणारे दोघे. एकाच्या पाकिटात दुसऱ्याच्या दुप्पट. त्यात हंगामी कामगारांची तिसरी पायरी आली. नोकऱ्या परत आल्या म्हणतात तेव्हा त्या कोणत्या भावाने परत आल्या हे विचारायचे असते. हा भेद मोडायला निघालेला मोठा संप झाला १५ सप्टेंबर २०२३ ला, तिन्ही कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी. म्हणजे करारानंतर सोळा वर्षांनी.

राज्य सरकारने हातपाय हलवले नाहीत असे नाही. गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांच्या काळात, २००७ पासून, बेकार कामगाराला नवे शिक्षण घ्यायला दोन वर्षांत दहा हजार डॉलरपर्यंत मदत देणारी योजना होती, आणि लाखभराहून जास्त लोक तिच्यात आले. मोठा डाव मात्र लावला तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर. पश्चिमेकडच्या हॉलंड गावी एलजी केमच्या कारखान्याला केंद्राचे १५.१ कोटी डॉलरचे अनुदान मिळाले. जुलै २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा भूमिपूजनाला जातीने हजर होते. गाड्याच खपेनात, तेव्हा बॅटऱ्या कोणाला हव्यात? २०१३ मध्ये ऊर्जा खात्याच्या तपासणी अहवालात आले की कामगार कामाच्या वेळात पत्ते खेळत होते, सिनेमे पाहत होते, आणि त्या वेळेच्या पगाराचा काही भाग अनुदानातून जात होता. यावर अमेरिकेत खूप हसे झाले. मला हसू येत नाही. कारखाना त्याच वर्षी चालू झाला, पुढे वाढत गेला आणि आज मिशिगनच्या बॅटरीधंद्यातला मोठा कारखाना आहे. चूक दिशेची नव्हती, वेळेची होती. आणि त्या चुकीच्या काळात कामगारांना निदान पगार मिळत होता.

बेकारांच्या बाबतीत राज्य इतके उदार राहिले नाही. बेकारीभत्त्याचा निधी मंदीत रिकामा झाला होता आणि केंद्राकडून अब्जावधी डॉलरचे कर्ज झाले होते. २०११ मध्ये, रिक स्नायडर गव्हर्नर असताना, राज्याने भत्त्याची कमाल मुदत २६ आठवड्यांवरून २० वर आणली. २६ आठवडे हा देशभर कित्येक दशके चालत आलेला मापदंड. तो मोडणारे मिशिगन पहिले राज्य, मग बाकीच्यांनी कित्ता गिरवला. आठवड्याचा कमाल भत्ता तेव्हा ३६२ डॉलर, तोही २००२ पासून जिथल्या तिथे.

मग संगणक आला. या संग्रहातला हा भाग वाचकाने सावकाश वाचावा, कारण कल्याणकारी योजनांतली फसवणूक यंत्राने पकडण्याची स्वप्ने आता जगभरची सरकारे पाहत आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्याच्या बेकारी विमा खात्याने मायडास नावाची प्रणाली सुरू केली. तिची एक खोड समजून घेण्यासारखी आहे. समजा, एका माणसाने जानेवारीत काम केले, महिनाअखेर त्याला कमी केले, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने भत्ता घेतला. सगळे कायदेशीर. मालक आपला हिशेब तिमाहीचा देतो. प्रणाली ती तिमाहीची कमाई तेरा आठवड्यांवर सारखी पसरून टाकी. झाले! हा माणूस फेब्रुवारीतही कमावत होता आणि वर भत्ताही घेत होता, असे दिसू लागले. खुलाशाची प्रश्नावली जाई खात्याच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या पानावर. भत्ता बंद होऊन वर्ष लोटलेला माणूस ते पान कशाला उघडेल? दहा दिवसांत उत्तर आले नाही की लबाडी सिद्ध. दंड रकमेच्या चौपट, वर १२ टक्के व्याज. तीन हजार डॉलर भत्ता घेतलेल्याकडे पंधरा हजार आणि व्याज निघे. वसुली पगारातून आणि प्राप्तिकराच्या परताव्यातून परस्पर. निर्णयावर कुणा माणसाची नजर पडलीच पाहिजे असे बंधन नव्हते.

२०१५ च्या उत्तरार्धात हे थांबवले तोवर सुमारे ४० हजार लोकांवर लबाडीचा शिक्का बसला होता. पुढे खात्याने स्वतःच बावीस हजारांवर प्रकरणे तपासली आणि त्यांतली ९३ टक्के चुकीची निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण इथे अपुरी पडते; इथे संन्याशांची रांगच लावली होती. काहींना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. नुकसानभरपाईचा दावा लावता येतो हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी राज्याने दोन कोटी डॉलरवर तडजोड केली.

शहरांचे हाल हा या कहाणीचा तिसरा पदर. माणसे गेली, घरे ओस पडली, करवसुली घटली. पेन्शने आणि कर्जे मात्र तेवढीच राहिली. पाँटियाक शहराने आपले झाकलेले क्रीडागार, सत्तरच्या दशकात साडेपाच कोटी डॉलर खर्चून बांधलेले, २००९ मध्ये ५,८३,००० डॉलरला विकले. राज्याने कायदा करून अडचणीतल्या शहरांवर आपत्कालीन व्यवस्थापक नेमले. या व्यवस्थापकापुढे निवडून आलेल्या महापौराचे काही चालत नसे. नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून तो कायदा फेटाळला. डिसेंबरात विधिमंडळाने तसाच दुसरा आणला, आणि त्यात खर्चाची एक तरतूद घातली, कारण अशी तरतूद असलेला कायदा मिशिगनमध्ये सार्वमताला टाकता येत नाही. त्याच महिन्यात युनियनची सक्तीची वर्गणी बंद करणारा कायदाही झाला. तो २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. एका टप्प्यावर राज्यातले जवळपास निम्मे कृष्णवर्णीय नागरिक व्यवस्थापकांच्या अमलाखालच्या शहरांत राहत होते. वंशाचा हा मुद्दा संग्रहात येतो, पण माझ्या मते दबक्या पावलांनी येतो. डेट्रॉईटची वस्ती तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय होती आणि गोऱ्या उपनगरांशी त्याचे वितुष्ट १९६७ च्या दंगलीच्याही आधीपासूनचे आहे. ते बाजूला ठेवून शहराच्या कर्जाचा अर्थ लागत नाही.

डेट्रॉईटने १८ जुलै २०१३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी सुमारे १८ अब्ज डॉलर. धनकोंची नजर शहराच्या कलासंग्रहालयावर गेली. तिथे दिएगो रिव्हेराची डेट्रॉईटच्या कारखान्यांवरची भित्तिचित्रे आहेत, १९३२-३३ च्या महामंदीत एडसेल फोर्डच्या पैशातून काढलेली. भिंतीवरची चित्रे नेता आली नसती, बाकीची विकता आली असती. अखेर धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८० कोटींहून अधिक डॉलर उभे केले. चित्रे वाचली आणि पेन्शनची कपातही सौम्य झाली. सौम्य म्हणजे साध्या नगरकर्मचाऱ्यांच्या पेन्शनमधून साडेचार टक्के गेले, महागाईची वाढ पूर्ण गेली आणि आरोग्यविम्याची मदत जवळजवळ संपली.

फ्लिंटची गोष्ट जगाला ठाऊक आहे, पण तिच्यातला एक तपशील वारंवार सांगण्यासारखा आहे. जनरल मोटर्सचा जन्म या गावचा, १९०८ चा. सत्तरच्या दशकाअखेर तिथे कंपनीचे सुमारे ८० हजार कामगार होते. मंदीनंतर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही उरले नव्हते. व्यवस्थापकाच्या अमलात, पैसे वाचवण्यासाठी, एप्रिल २०१४ मध्ये शहराचे पाणी डेट्रॉईटच्या नळयोजनेवरून फ्लिंट नदीवर आणले. गंज रोखणारे रसायन त्यात घातले नाही. ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने तक्रार केली की या पाण्याने यंत्रभाग गंजतात, आणि त्याला दुसरीकडून पाणी घेण्याची परवानगी मिळाली. गावाचे पाणी बदलले ते त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०१५ मध्ये, मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी आकड्यांनिशी दाखवल्यावर.

काळोखच काळोख होता असे कुणी समजू नये. ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला फर्निचर, रुग्णालये आणि लहान कारखाने यांच्या बळावर राज्याचा पश्चिम भाग लवकर उभा राहिला. एप्रिल २०१४ पासून आरोग्यविम्याचा विस्तार झाला आणि सहा लाखांवर गरिबांना तो मिळाला. हे स्नायडर यांनी आपल्याच पक्षातल्या अनेकांच्या विरोधाला न जुमानता केले, हेही नोंदवायला हवे. फोर्डने डेट्रॉईटचे ओस पडलेले रेल्वे स्थानक २०१८ मध्ये विकत घेतले आणि २०२४ मध्ये ते झळझळीत करून खुले केले.

मिशिगन सावरले का, असे कुणी विचारले तर माझे उत्तर असे : मोटार उद्योग सावरला, राज्य निम्मे सावरले, आणि ज्यांनी कमीत कमी चुका केल्या होत्या त्यांनी जास्तीत जास्त भरले. संग्रहातले सगळे लेखक या मताला येतात असे नाही. दोघे-तिघे तर उलट टोकाला आहेत, आणि त्यांचे आकडे खोडून काढणे सोपे नाही. वाचकांनी कोष्टके पाहताना टक्क्यांआधी माणसांची संख्या पाहावी, आणि मगच कुणाची बाजू घ्यावी, एवढी विनंती. २०११ मध्ये कापलेले बेकारीभत्त्याचे सहा आठवडे महासाथीत तात्पुरते परत आले होते. कायमचे परत मिळाले ते २०२५ मध्ये. त्याच वर्षी ३६२ डॉलरचे ४४६ झाले.